वहीत नसलेले दोन घोट

चन्नबसप्पांनी चाळीस वर्षं आळंदच्या बाजारात तूर पारखली. पोत्याचं तोंड न उघडता बाजूनं पोकळ, टोकदार सळई खुपसायची, ओढायची आणि तिच्या पन्हळीत आलेले दाणे तळहातावर पसरून निकाल द्यायचा. ओल किती, कीड किती, आणि विकणाऱ्यानं वरच्या थरात ठसठशीत दाणा भरून खाली काय दडवलंय. त्या सळईला परखी म्हणतात. त्यांची परखी आता घरी खुंटीला होती, पण नजर काही कुणी खुंटीला अडकवली नव्हती. कलबुर्गीच्या दवाखान्यात सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसल्या बसल्या त्यांनी समोरच्या माणसांचे नमुने काढले.

सात बायका, साती पोटुशा. दोघी पहिलटकरणी, त्यांनी फाइल छातीशी धरलेली. बाकीच्या सरावलेल्या, त्यांनी फाइल बुडाखाली घेतलेली. एक नवरा, आपण इथं चुकून आलोय असा चेहरा करून मोबाइल चाळणारा. आणि आठवे पेशंट चन्नबसप्पा स्वतः, वय एकाहत्तर. भिंतीवर कानडीत मोठी पाटी होती: मुलगा की मुलगी हे इथं सांगितलं जात नाही, विचारणं गुन्हा आहे. चन्नबसप्पांनी ती दोनदा वाचली. एवढ्या एका बाबतीत तरी आपण सुटलो, असं त्यांना वाटलं.

शेजारी राजेश्वर गावची एक म्हातारी सुनेला घेऊन आली होती. तिनं बराच वेळ दम धरला, मग गंगम्माकडं वळली.

"अक्का, तुमची सून आत गेली काय?"

"न्हाई वो. ह्यांचंच हाय," गंगम्मा म्हणाली आणि पदरानं नवऱ्याच्या तोंडाची उजवी कड पुसली.

म्हातारीनं चन्नबसप्पांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. पोटाशी जरा जास्तच थांबली.

"ह्यांचं? काय हाय?"

"घशाचं," चन्नबसप्पा म्हणाले. शब्द अजून त्यांच्या जिभेवर जरा घसरायचे, पण खोच घसरत नसे. "पोटात काय न्हाई, माय. तीन म्हैने झाले, रिकामंच हाय."

सरावलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मोबाइलवाला नवराही हसला आणि लगेच गंभीर झाला.

तीन महिने म्हणजे दसऱ्याच्या आधीपासून. एका सकाळी अंगाची उजवी बाजू एकाएकी परकी झाली. पाय परत आला, हात बऱ्यापैकी आला, गिळणं मात्र आलं नाही. पातळ म्हणून जे काही असेल ते वाट चुकायला लागलं. पाणी, चहा, ताक, सगळं अन्नाच्या नळीत जायचं सोडून थोडं थोडं श्वासाच्या नळीत. दोनदा छाती भरली, दोनदा ताप चढला, दोनदा भरती व्हावं लागलं. दुसऱ्या खेपेला मोठ्या डॉक्टरांनी बसवेशला, त्यांच्या मुलाला, बाजूला घेऊन सांगितलं की तिसऱ्यांदा असं झालं तर तोंडानं खाणं बंद. आधी नाकातून नळी, आणि पुढं पोटाला भोक पाडून तिथून.

बसवेश हायस्कुलात गणित शिकवतो. त्याला उत्तर आलं की तो पुढच्या गणिताकडं जातो.

"अप्पा, त्यात काय हाय? येळच्या येळी पोटात जाईल. काळजी मिटंल."

"कुणाची?" चन्नबसप्पांनी विचारलं होतं.

बसवेश उठून फोन घ्यायला गेला होता. फोन वाजला नव्हता, हे चन्नबसप्पांनी ध्यानात ठेवलं.

नळीची त्यांना भीती नव्हती म्हणावं तर खोटं. पण त्याहून जास्त अपमान वाटत होता. ज्या माणसानं दाढेखाली एक दाणा फोडून तुरीची ओल सांगितली, त्याच्या पोटात आता कुणीतरी बाहेरून पातळ लगदा सोडणार, आणि त्याला तो कशाचा आहे हेही कळणार नाही.

त्यांना वाचवायला निघालेली बाई म्हणजे वैष्णवी. कलबुर्गीचीच, घरात मराठी, म्हैसूरला जाऊन बोलण्याच्या आणि गिळण्याच्या उपचारांचं शिक्षण घेऊन आलेली. तिनं पहिल्या दिवशीच नियम घालून दिले. पाणी, चहा बंद. जे द्यायचं ते ज्वारीच्या अंबिलीएवढं दाट. भाकरी वरणात कुस्करून. आणि एक वही. वेळ, काय घेतलं, किती चमचे, खोकला आला का. चार रकाने.

वही चन्नबसप्पांनी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही. डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरात, स्वतः लिहिली. एका चमच्याचा घोळ नव्हता. दिवाळीत गंगम्मानं बेसनाचा लाडू दुधात घोटून खिरीसारखा दाट करून चारला तो लिहिला. त्यावरून बसवेश आईवर ओरडला, तेही 'खोकला' या रकान्यात लिहिलं, कारण दुसरीकडं जागा नव्हती.

तरीही वही स्वच्छ आणि छाती मळलेली. मागच्या आठवड्यात पुन्हा बारीक ताप आला, तो औषधानं निभावला. वैष्णवीनं वही तीनदा चाळली.

"ह्यात कुठंच चूक न्हाई," ती म्हणाली. "मंग हे येतंय कुठून?"

घरात प्रत्येकाकडं एकेक संशयित होता. बसवेशचा संशय आईवर, चोरून चहा पाजत असेल. गंगम्माचा संशय थंडीवर. चन्नबसप्पांचा कुणावर नव्हता, आणि त्याचंच त्यांना नवल वाटत होतं. एवढ्या वर्षांत ज्यात काही दडवलेलं नाही असं पोतं त्यांनी पाहिलं नव्हतं.

घोट कुठं जातो हे बघायची एक तपासणी एक्स-रेवर होते. त्यासाठी सोलापूरला नेलंही होतं. तिथल्या माणसानं सांगितलं, गळ्यातलं सगळं काढून ठेवा. चन्नबसप्पांच्या गळ्यात दोऱ्यात चांदीची डबी, तिच्यात लिंगायतांचं इष्टलिंग. आठव्या वर्षी स्वामींनी ते हातावर दिलं, तेव्हापासून अंगावेगळं झालेलं नाही. झोपेत नाही, लग्नात नाही, परवा ॲम्ब्युलन्समध्येही नाही. ते उठले आणि गाडीत जाऊन बसले. बसवेशनं परतीच्या वाटेवर अक्कलकोटपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नव्हता.

वैष्णवी मात्र ऐकून रागावली नाही. उलट तिचे डोळे चमकले.

"काढू नका मंग. हनुवटीच्या खालून सोनोग्राफीत बघू. पोटातलं बाळ दिसतं तर तोंडातली जीभ कामून दिसणार न्हाई?"

म्हणून आज ते या बाकावर होते.

आत अंधूक खोलीत डॉक्टर गिरिधर मशीनशी बसले होते. साठीचे, चष्मा कपाळावर. कायद्यानं त्या मशीनला फक्त त्यांचा हात लागायचा, म्हणून वैष्णवी सांगणार आणि ते धरणार, असं ठरलं होतं. तीस वर्षं त्यांनी बाळं बघितली होती, पित्ताचे खडे बघितले होते. कुणाचा घोट बघायला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"खोटं कशाला बोलू," ते म्हणाले, "पोटातलं बाळ गिळताना रोज बघतो. तिथलं पाणी घुटुक घुटुक पितं ते. पण शिकून विसरलेला माणूस बघायची माझी पहिलीच वेळ."

"मला बी पयलीच येळ," चन्नबसप्पा म्हणाले. "आधी चांगला नमुना दाखवा. चांगला दाना हातावर घेतल्याबिगर हलका वळखायचा कसा?"

गिरिधरांनी वैष्णवीकडं पाहिलं. वैष्णवी म्हणाली, "बरोबर हाय अप्पांचं." आणि तिघांनी गंगम्माकडं पाहिलं.

"मी? मला काय झालंय?"

"काय न्हाई झालं म्हणूनच, काकू."

गंगम्मा खुर्चीत बसली. पदर सावरला, मान ताठ केली, फोटो काढायला बसावं तशी. गिरिधरांनी हनुवटीखाली जेल लावलं.

"अग्गाई! बर्फ हाय का काय?"

"बोलू नका, काकू. बोललं की जीभ नाचते."

"न बोलायचं असंल तर हिच्या जागी दुसरी कुनी आना," चन्नबसप्पा म्हणाले.

पडद्यावर आधी काहीच कळलं नाही. राखाडी, धुरकट, पहाटेच्या धुक्यातल्या शेतासारखं. मग वैष्णवीनं बोट ठेवून एकेक दाखवलं. ही पांढरी कमान म्हणजे जिभेची पाठ. आणि हा इथं पांढरा ठिपका, ज्याच्या मागं काळी सावली पडलीय, ते जिभेच्या मुळाशी असणारं छोटं हाड. घोड्याच्या नालासारखं असतं ते. हे हाड वर आणि पुढं उचललं गेलं की श्वासाच्या दारावर झाकण पडतं आणि घोट मागच्या वाटेनं जातो. ते हाड किती उचललं जातं आणि वेळेवर उचललं जातं का, एवढंच बघायचं.

गंगम्माला चमचाभर पाणी दिलं. कमान पुढून उठली, लाटेसारखी मागं सरकली, ठिपका झटक्यात वर-पुढं गेला, क्षणभर थांबला आणि जागेवर आला. सगळं मिळून सेकंदभराचं काम.

"पुन्यांदा," चन्नबसप्पा म्हणाले.

पुन्हा केलं.

"आनकी एकदा."

तिसऱ्यांदा ते खुर्चीतून पुढं वाकले होते. दोन घासांमध्ये कुणी विचारसुद्धा करत नाही अशी ही हालचाल, आणि आत एवढी शिस्त. एवढं वेळेवर तर आळंदची एसटीही सुटत नाही.

"अठ्ठेचाळीस वर्सं झाली लग्नाला," ते वैष्णवीला म्हणाले, "हिला नीट खाताना बगितलं न्हाई मी. आमाला वाढून मागनं बसती."

"आन आता बगितलं ते हाडासकट!" गंगम्मा जेल पुसत म्हणाली. "पटला का नमुना?"

"एक नंबर हाय."

गिरिधरांनी पडद्यावर दोन फुल्या टाकून अंतर मोजलं. एक सेंटीमीटर आठ मिलीमीटर. वैष्णवीनं ते कागदावर लिहिलं.

मग चन्नबसप्पा बसले. चांदीची डबी फक्त बाजूला सरकवली, दोरा गळ्यातच. आधी घरून आणलेली अंबील. कमान उठली, जरा डळमळली, ठिपका वर गेला. दीड सेंटीमीटर. मग चमच्यानं थोडं पाणी. थोडा उशीर लागला, पण गेलं. एक चार. वैष्णवीनं गळ्याला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, "आ" म्हणायला लावलं. आवाज कोरडा, स्वच्छ.

"दाट मस्त चाललंय," ती म्हणाली. "आणि चमच्यानं पाणी बी, मला वाटलं त्याच्यापेक्षा बरं हाय."

चन्नबसप्पांनी मुलाकडं पाहिलं. बसवेश दाराशी हाताची घडी घालून उभा होता.

"मंग छाती कामून भरायली?" तो म्हणाला. "ताई, तुमी चांगलं सांगायलाव, पण ताप तर आला की न्हाई? मशीनला बी जे दिसंना, त्याच्या भरवशावर किती दिस काढायचे? मोठे डॉक्टर सांगायलेत तर नळी घालून टाकू."

तो वाईट बोलत नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाचा आवाज नेहमी हिशोबी निघतो.

वैष्णवी मान खाली घालून लिहायला लागली. गिरिधर अजून यंत्र हनुवटीखाली धरून एक शेवटचं चित्र साठवत होते. तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले आणि गंगम्मानं पिशवीतून स्टीलचा तांब्या काढला. तीन महिन्यांत तिनं एकही गोळी पाच मिनिटंसुद्धा चुकवली नव्हती. तिनं नवऱ्याच्या जिभेवर गोळी ठेवली. त्यांनी सवयीनं मान मागं टाकली, आ केला. तिनं वरून, तांब्या तोंडाला न लावता, पाण्याची बारीक धार सोडली.

"अरे, अरे, अरे," गिरिधर म्हणाले. ते पडद्याकडं बघत होते.

"काय झालं?"

"पाणी गेलं, आणि हाड अजून झोपलेलंच! आता उठलं बघा. आत्ता."

वैष्णवीचं पेन खाली पडलं. तिनं स्टेथोस्कोप गळ्याला टेकवला.

"अप्पा, आ म्हणा."

"आ..."

तळाला पाणी उरलेल्या घागरीतून यावा तसा गुरगुरता, ओला आवाज. सगळ्यांनी ऐकला. चन्नबसप्पांना मात्र काहीच जाणवलं नव्हतं. खोकला नाही, ठसका नाही.

"खोकून टाका. जोरानं. अजून एकदा." तिनं त्यांना पुढं वाकवलं, पाठ चोळली. आवाज कोरडा झाला तशी ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. "खोकला हा घशाचा राखणदार, अप्पा. तुमचा राखणदार झोपलाय. चोर आत गेला तरी वरडत न्हाई. म्हणून वहीत सगळीकडं 'खोकला न्हाई'." मग गंगम्माकडं वळून, "काकू, गोळ्या रोज अशाच देता?"

"मंग कशा देऊ?"

"दिवसातनं किती येळा?"

"सकाळी, दुपारी, सांजच्याला."

"मी तुमाला तीनदा विचारलं, पाणी देता का. तुमी म्हणालात, थेंब न्हाई."

"न्हाईच देत की!" गंगम्मा आता रडायच्या बेतात होती. "पाणी कुठं दिलं? ते औषध हाय. गोळीचं पाणी ते गोळीतच धरायचं ना?"

"आन तांब्या तोंडाला कामून लावला न्हाई, अव्वा?" बसवेशनं विचारलं.

"तांब्याला तोंड लावतेत का आपल्यात? उष्टं न्हाई का व्हायचं?"

बसवेशनं तांब्याकडं पाहिलं. तो स्वतः त्याच तांब्यातून तसाच पाणी पिऊन मोठा झाला होता.

"चूक माझी बी हाय," वैष्णवी म्हणाली. "मी पाणी विचारलं, गोळी विचारली न्हाई." ती पुन्हा पडद्याकडं वळली, गिरिधरांना म्हणाली, "मागं घ्या ना, सर." त्यांनी चित्र मागं नेऊन हळूहळू सोडलं. चौघांनी वाकून पाहिलं. मान मागं गेली की श्वासाचं दार उघडं पडतं, आणि धार त्याच्यावरून थेट ओघळते. झाकण पडतं, पण पाहुणा घरात शिरल्यावर.

चन्नबसप्पा मात्र पडद्याकडं बघत नव्हते. ते वहीकडं बघत होते.

चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या पोत्यांतला खालचा थर काढला होता. विकणारा नेहमी शपथ घ्यायचा की मला माहीतच नव्हतं, आणि निम्म्या वेळा ते खरं असायचं. गोळीच्या पाण्याचं तसंच झालं. त्यांना खरंच सुचलं नव्हतं. पण त्याच वहीत अजून एक गोष्ट नव्हती, आणि ती आता, या क्षणी, त्यांना सुचली होती. म्हणजे इथून पुढं 'माहीत नव्हतं' म्हणता येणार नव्हतं.

रोज सकाळी अंघोळ झाली की ते पाटावर बसायचे. डाव्या तळहातावर इष्टलिंग, त्यावर पाणी, भस्म, बेल. आणि शेवटी तळहातात जमलेलं तीर्थ, तीन वेळा. ते पाणी होतं का? त्रेसष्ट वर्षांत कुणी त्याला पाणी म्हटलं नव्हतं. तहान लागली म्हणून कुणी ते पीत नाही. वहीत 'पाणी' या नावाखाली ते लिहायचं म्हणजे हात धजावला नसता.

सांगितलं तर ही पोरगी ते बंद करणार. नाही सांगितलं तर आज सगळं खापर गोळीवर फुटतंय, आयतंच. बसवेशही मानेल. वरचा थर चांगला दिसतोय, पोतं शिवून टाकायला कुणाची हरकत नाही.

त्यांनी घसा खाकरला.

"वैष्णवीबाई. वहीत आनकी एक न्हाई."

"काय, अप्पा?"

"पूजेचं तीर्थ. रोज. तीनदा."

बसवेशनं कपाळाला हात लावला. "अप्पा!"

"तू गप बस. मी सांगायलोय की." मग वैष्णवीला, अगदी हळू, "नळी घाला म्हणलीस तरी घालून घेईन. पण ते बंद कर म्हणू नको. ते मी करनार न्हाई, आन मंग रोज तुझ्याशी खोटं बोलावं लागंल."

वैष्णवीनं स्टूल जवळ ओढलं. तिच्या चेहऱ्यावर पुन्हा तेच आलं जे सोलापूरची गोष्ट ऐकताना आलं होतं. तिला रागवायचं सुचत नव्हतं, बघायचं होतं.

"कसं घेता ते दाखवा."

"हितं? हितं पूजा न्हाई करत मी."

"पूजा नको. निस्तं पाणी घ्या. हात तसाच, मान तशीच."

गिरिधरांनी जेल पुन्हा लावलं. गंगम्मानं डाव्या तळहाताच्या खळग्यात चमचाभर पाणी सोडलं. चन्नबसप्पांनी हात छातीपाशी आणला आणि वाकले. या घोटासाठी मान वर करायची नसते, खाली घालायची असते. हनुवटी छातीला टेकायला आली. गिरिधरांना यंत्र धरायला जागा उरेना, त्यांनी मनगट वाकडं करून कसंबसं टेकवून ठेवलं. चन्नबसप्पांनी ओठांनी तेवढं पाणी टिपून घेतलं.

कमान उठली. ठिपका उठला. उशीर नाही.

"पुन्यांदा," या वेळी गिरिधर म्हणाले.

तीन वेळा घेतलं, जसं घेतात तसं. तिन्ही वेळा हाड पाण्याच्या आधी जागं होतं. वैष्णवीनं गळ्याला लावून ऐकलं, "आ" म्हणायला लावलं. कोरडा.

"अप्पा," ती म्हणाली, आणि हसू तिला आवरेना, "तुमाला शिकवायला मी जे पुढच्या आठवड्यात आणणार होते, ते तुमी आठव्या वर्षापासून करायलाव. हनुवटी खाली, घोट थोडका, घाई न्हाई. त्याच्याआधी दात घासता?"

"दात न घासता लिंगाला हात लावतंय का कुनी?"

"म्हणजे तोंड बी साफ. मी कागदावर लिहून दिलं असतं तर ह्याच्याहून वेगळं काय लिहिलं असतं?"

बसवेश दारातून पुढं आला. त्यानं पडद्यावरचे आकडे एकदा, दोनदा वाचले. गणिताच्या माणसाला आकड्यांशी भांडता येत नाही.

"म्हणजे नळी?"

"तीन आठवडे द्या मला. गोळी दाट अंबिलीतनं, मान खाली. तांब्या बंद. तीर्थ चालू, पण वहीत लिहायचं. एकवीस दिवसांनी पुन्हा इथं बघू, छातीचा फोटो काढू. तोवर ताप आला तर मी स्वतः मोठ्या डॉक्टरांना फोन करीन."

बाहेर राजेश्वरची म्हातारी अजून बसली होती. तिनं चन्नबसप्पांच्या ओल्या हनुवटीकडं पाहून गंगम्माला हळूच विचारलं, "काय निघालं, अक्का?"

"हाड निघालं," गंगम्मा म्हणाली. "दोघांचं बी चांगलं हाय म्हनतेत. ह्यांचं जरा आळशी हाय."

घरी जाऊन चन्नबसप्पांनी पट्टी घेतली आणि वहीत डाव्या हातानं दोन नवे रकाने आखले. एकावर लिहिलं, 'गोळी'. दुसऱ्यावर बराच वेळ काहीच लिहिलं नाही. मग 'तीर्थ' लिहिलं आणि बाकीच्या रकान्यांपासून ते लांब राहावं म्हणून मध्ये दोन बोटं जागा सोडली.

एकवीस दिवस ताप आला नाही. छातीचा फोटो, गळ्यातल्या डबीची सावली सोडली तर, स्वच्छ आला. ठिपका दीडच्या वर गेला, आणि वैष्णवीनं कपातून, बसून, मान खाली घालून साधं पाणी थोडं थोडं प्यायची परवानगी दिली. बसवेशनं दवाखान्याच्या दारातच मोठ्या डॉक्टरांना फोन लावला आणि नळीचं सध्या राहू द्या म्हणून सांगितलं. या वेळी फोन खरंच लावला होता, हेही चन्नबसप्पांनी ध्यानात ठेवलं.

माघात नव्या तुरीनं बाजार भरला तेव्हा बसवेशनं त्यांना गाडीत घालून नेलं. गुरुशांतप्पाच्या आडतीवर पोती छताला लागली होती. जुनी मंडळी उठून उभी राहिली, कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला. चन्नबसप्पांनी खिशातून छोटा स्टीलचा कप काढला, अर्धा भरून घेतला, कपाला ओठ लावले आणि मान खाली घातली.

गुरुशांतप्पानं ते बघितलं. "काय अण्णा, पाण्याला नमस्कार करायलाव काय?"

"व्हय," चन्नबसप्पा म्हणाले. कप पुसून खिशात ठेवला, वहीत वेळ लिहिली, 'पाणी, अर्धा कप, खोकला नाही' असं लिहिलं, आणि जरा थांबून सावकाश "आ" म्हणून पाहिलं. आवाज कोरडा होता.

"हे काय आनकी?"

"खालचा थर बगायलोय," ते म्हणाले. "आता तुझा काढू. परखी आन."